उपाशी शरीराची फिर्याद

दारात पणत्या लागल्या असताना आणि फराळाची ताटे घरोघर फिरत असताना उपासमारीवर लिहू नये, असा आपल्याकडे एक अलिखित शिष्टाचार आहे. तो मी आज मोडणार आहे. मात्र ज्या उपासमारीबद्दल मला बोलायचे आहे ती दुष्काळातली नव्हे आणि दारिद्र्यातलीही नव्हे. डबे चकल्या-करंज्यांनी भरलेले आहेत, आई आग्रह करकरून थकली आहे आणि घरातली सतरा वर्षांची मुलगी ताटाकडे पाठ फिरवून बसली आहे. ती ही उपासमार. तिच्यावर आमच्या गावांतून जो उपचार सर्रास चालतो त्याविरुद्ध माझी फिर्याद आहे. फिर्यादीत आरोपी पुष्कळ आहेत आणि त्यांत पहिला क्रमांक माझा स्वतःचा आहे, हे आरंभीच सांगून टाकते. म्हणजे पुढचे बोलायला मला तोंड राहील.

मी अंबरनाथला तीस वर्षे शाळेत शास्त्र हा विषय शिकवला. ‘अंतःस्रावी ग्रंथी’ हा धडा दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवला. पीयूषिका वाटाण्याएवढी, अवटू ग्रंथी गळ्यापाशी, स्वादुपिंड जठराच्या मागे, असे पोरांकडून घोकून घेतले. आणि माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची मुलगी माझ्या डोळ्यांदेखत झिजू लागली तेव्हा त्या धड्यातली एक ओळही मला आठवली नाही. परीक्षेत गुण मिळवून देणारे ज्ञान घरात किती कुचकामाचे ठरते, याचा हा माझ्यापुरता पुरावा.

बहीण बदलापूरला राहते. गिरणगावातली खोली सोडून, परवडणारे घर शोधत जी कुटुंबे कल्याणच्या पलीकडे सरकत गेली, त्यांपैकी तिचे एक. ती उल्हासनगरात एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते. मुलगी एकुलती, अभ्यासात हुशार, स्वभावाने हट्टी म्हणावी इतकी नेटकी. दहावीच्या वर्षी शाळेत सर्वांसमक्ष वजने घेतली गेली. ‘छप्पन!’ असा आकडा मोठ्याने पुकारला गेला आणि मागून कोणीतरी हसले. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. असे आकडे पुष्कळ शाळांतून पुकारले जातात. त्या दिवसापासून तिने साखर सोडली. मग भात सोडला, मग पोळी. पुढे उपवास सुरू झाले. सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या. आणि उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीलाही हात लावायचा नाही, फक्त कोरा चहा आणि काकडीच्या चार फोडी. आम्ही सारे कौतुक करीत होतो. ज्या समाजात मुलीने ‘मला जेवायचे नाही’ म्हटले तर चौकशी होते, पण ‘माझा उपवास आहे’ म्हटले की शाबासकी मिळते, त्या समाजात या आजाराला लपायला फार लांब जावे लागत नाही.

त्या वर्षी गणपतीला ती माझ्याकडे आली. मी दारातच म्हणाले, “अगं, किती छान बारीक झालीस! मावशीलाही सांग की तुझे गुपित.” ती हसली. पुढे पुष्कळ महिन्यांनी, रुग्णालयाच्या खाटेवर, तिने मला सांगितले, “मावशी, तू तसे म्हणालीस ना, त्या रात्री मी ठरवले, अजून पाच किलो.” ती हे रागाने म्हणाली नव्हती. रागाने म्हणाली असती तर मला सोपे गेले असते.

वजन बेचाळीसवर आले तेव्हा पाळी थांबली. चार महिने आली नाही तेव्हा आई घाबरली. सतरा वर्षांच्या मुलीची पाळी थांबली की आईच्या मनात काय काय येते ते सांगायला नको. तिने मुलीला उल्हासनगरात एका दवाखान्यात नेले. सोनोग्राफी झाली. बीजांडकोशात लहान लहान पुटकुळ्या दिसतात, असे अहवालात आले. निदान झाले: पीसीओडी. “हार्मोन्सचा घोटाळा आहे. गोड बंद, भात बंद, रोज तासभर चालायचे, वजन वाढू द्यायचे नाही. या गोळ्या घ्या, पाळी येईल. आणि काळजी करू नका, लग्न झाले की सगळे सुरळीत होते.” पाच मिनिटांत काम आटोपले. मुलगी काट्यावर उभी केली गेली नाही. ‘बाळ, तू दिवसभरात काय खातेस?’ हा प्रश्न कोणी विचारला नाही. उलट जे ती चोरून करीत होती तेच करण्याचा लेखी हुकूम आता तिच्या हाती आला. आई पोळी वाढू लागली की ती कागद पुढे करी.

गोळ्या घेतल्यावर रक्तस्राव झाला. बहिणीचा दूरध्वनी आला, “ताई, आली गं पाळी!” आणि मी, शास्त्राची शिक्षिका, देवापुढे साखर ठेवली. त्यानंतरच्या पाच महिन्यांत मुलगी सदतीस किलोंवर उतरली. दर महिन्याला गोळीने पाळी येत होती आणि दर महिन्याला आम्ही निर्धास्त होत होतो.

आम्हाला जागे केले ते कोणा तज्ज्ञाने नव्हे. बहीण ज्या दुकानात काम करते त्याच्या मालकांची आई मागच्या खोलीत बसलेली असते. वय पंचाऐंशीच्या पुढे. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले, हे आपण वाचलेले असते. या आजींनी ते लहानपणी पाहिलेले आहे. बराकींतले दिवस, रांगा, मोजून मिळणारे धान्य त्यांना आठवते. मुलगी एकदा आईला डबा द्यायला दुकानात गेली. आजींनी तिचा हात हातात घेतला. हात गार, त्यावर बारीक मऊ लव उगवलेली. आजी बहिणीला म्हणाल्या, “बेटा, मैंने ये हाथ कैंप में देखे हैं. इसको बुख है.” बुख म्हणजे सिंधीत भूक. सोनोग्राफीच्या यंत्राला जे दिसले नाही ते त्या म्हातारीने हात चाचपून सांगितले. तरीही आम्ही आठवडा घालवला; आणि एके सकाळी गाडीच्या बायकांच्या डब्यात मुलगी उभ्याउभ्या कोसळली. नाडी मिनिटाला बेचाळीस होती. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात तिला दाखल केले. तिथल्या एका तरुण निवासी डॉक्टरने तिच्या शेजारी स्टूल ओढून घेतले आणि विचारले, “काल सकाळपासून काय काय खाल्लेस, सांगशील?” नऊ महिन्यांत हा प्रश्न तिला प्रथमच विचारला गेला. आजाराचे नाव होते ॲनोरेक्सिया नर्व्होसा.

आता ‘हार्मोन्सचा घोटाळा’ या शब्दांकडे वळू. घोटाळा होता यात शंका नाही. पण घोटाळ्याने उपासमार झाली की उपासमारीने घोटाळा? सारा वाद या एका प्रश्नाचा आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तो ठरावीक अंतराने, तासा-दीड तासाला, पीयूषिकेला इशारा देतो. पीयूषिका बीजांडकोशाला आज्ञा पाठवते. बीजांडकोश इस्ट्रोजेन तयार करतो आणि महिन्याचे चक्र फिरते. हा इशारा द्यावा की न द्यावा हे हायपोथॅलॅमस कशावरून ठरवतो? शरीराच्या कोठारात किती शिल्लक आहे यावरून. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या संप्रेरकाचे जनुक शोधून काढले ज्याला पुढे लेप्टिन हे नाव मिळाले. ते शरीरातल्या चरबीत तयार होते आणि कोठाराची खबर मेंदूला देते. चरबी आटली की लेप्टिन आटते. लेप्टिन आटले की मेंदू समजतो, दिवस वाईट आहेत, अशा दिवसांत गर्भाचा भार नको. आणि तो इशारा थांबवतो. पाळी बंद पडते ती अशी. हा बिघाड नव्हे. हा शरीराचा शहाणपणा आहे.

इतरही बदल याच हिशेबाने होतात. अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाचे जे क्रियाशील रूप आहे ते कमी होते, म्हणून हातपाय गार पडतात आणि नाडी मंदावते. सरपण थोडे उरले की चूल मंद करावी तसे. कॉर्टिसॉल वाढते, झोप उडते, मन कातर होते. आणि १९९९ साली जपानमध्ये कोजिमा व कांगावा यांनी शोधलेले घ्रेलिन, जे जठरात तयार होऊन भूक लागल्याची वर्दी मेंदूला देते, ते या मुलींच्या रक्तात कमी नसते, वाढलेले असते! ज्या मुलीला आपण ‘हिला भूकच लागत नाही’ म्हणतो तिचे शरीर रात्रंदिवस भुकेची हाकाटी करीत असते. ती हाक ऐकूनही घास तोंडात जात नाही, हा आजार आहे. हा नखरा नव्हे.

आता त्या गोळीचे पाहा. गोळीत बाहेरून आणलेली संप्रेरके असतात. ती घेऊन थांबली की गर्भाशयाचे अस्तर गळते आणि रक्त दिसते. त्याला पाळी म्हणण्याची आपल्याला सवय आहे. पण मेंदूचा इशारा आलेला नसतो आणि बीजांडकोश जागे झालेले नसतात. उपाशी शरीराने एकच तक्रार उघड्यावर मांडली होती, जी आईला दिसू शकली, आणि त्या तक्रारीचे तोंड आम्ही गोळीने बंद केले. पुढे पाच महिने शरीर झिजत राहिले, कारण घरात गजर वाजेनासा झाला होता. या वयात हाडे भरत असतात. ती पुंजी पुढे जन्मभर पुरवायची असते. इस्ट्रोजेनविना आणि अन्नाविना ती भरत नाहीत, उलट पोखरतात. गर्भनिरोधक म्हणून मिळणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांनी या मुलींची हाडे सावरत नाहीत, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. आईला दिलासा मिळतो. हाडांना काही मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, बाई, डॉक्टरांकडून एखादी चूक होते. त्यासाठी एवढा आरडाओरडा कशाला? माझे उत्तर असे की ही एखादी चूक नव्हे, ही चाकोरी आहे. पाळी अनियमित म्हणजे पीसीओडी, पीसीओडी म्हणजे वजन कमी करा, हे समीकरण आता दवाखान्यांपुरते राहिलेले नाही. ते गाडीच्या डब्यात भाजी निवडताना ऐकू येते, व्यायामशाळेत ऐकू येते, कोचिंगच्या वर्गातल्या मुलींच्या तोंडी असते. पीसीओडी हा विकार खरा आहे आणि तो थोडाथोडका नाही. पण २०१४ साली मुंबईतल्या तरुण मुलींची जी पाहणी प्रसिद्ध झाली तिच्यात एका कसोटीने त्याचे प्रमाण २२.५ टक्के निघाले आणि दुसऱ्या, अधिक कडक कसोटीने १०.७ टक्के. मुली त्याच, पट्टी बदलली आणि आकडा निम्म्याहून खाली आला. अशा विकाराचे निदान पाच मिनिटांत करू नये, एवढे तरी यातून शिकावे की नाही? या विकाराची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रे २०२३ साली नव्याने निघाली. पहिली पाळी येऊन आठ वर्षे झालेली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे ती सांगतात. कारण कोवळ्या वयात तशा पुटकुळ्या निरोगी मुलींतही दिसतात. पाळी बंद पडण्याची दुसरी कारणे आधी वगळावीत, असे ती सांगतात. आणि या मुलींत खाण्याच्या विकारांचा धोका अधिक असतो, तिकडे लक्ष ठेवावे, हेही सांगतात. माझ्या भाचीची पहिली पाळी बाराव्या वर्षी आली होती. पाचच वर्षे झाली होती. हिशेब कोणी केला नाही.

आणि जिला खरोखरच पीसीओडी आहे, जिचे वजनही वाढलेले आहे, तिचे तरी आपण काय भले करतो? तिला घरीदारी इतके हिणवतो की ती दिवसभर उपाशी राहते आणि रात्री, दार लावून, डब्यातले सारे खाऊन टाकते. कित्येक जणी मग घशात बोट घालून ते ओकून काढतात. दिवसभर दाबलेली भूक रात्री बांध फोडते, यात त्या मुलीच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. पण आपण एकीला ‘धार्मिक’ म्हणतो, दुसरीला ‘अधाशी’ म्हणतो, आणि दोघींच्या आजाराला आजार म्हणत नाही.

हा केवळ मुलींचा नखरा आहे, सिनेमाच्या पडद्यावरून उतरलेले वेड आहे, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांसाठी एक जुनी हकीकत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी छत्तीस धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण लढाईला तत्त्वतः नकार देणारे, स्वखुशीने पुढे आलेले. चोवीस आठवडे त्यांना निम्म्या अन्नावर ठेवले. वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. त्या पुरुषांचे काय झाले? ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके जमवू लागले. एकेक घास तासन्‌तास चघळू लागले. माणसे टाळू लागले, चिडू लागले, खिन्न झाले. थंडी वाजू लागली, नाडी मंदावली, कामेच्छा मावळली. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांना पूर्ववत व्हायला महिनोन्‌महिने लागले. त्यांच्यासमोर ना सिनेमा होता, ना आरसा, ना टोमणे मारणारी मावशी. तात्पर्य, ज्याला आपण या मुलींचा स्वभाव समजतो त्यातला पुष्कळसा भाग उपासमारीनेच घडवलेला असतो. एखादीचे खाणे सुटते ते टोमण्याने सुटेल, परीक्षेच्या धास्तीने सुटेल. पण शरीर एकदा उपासमारीच्या कायद्याखाली गेले की तो कायदाच तिला तिथे जखडून ठेवतो. आणि एकच टोमणा दहा जणींनी ऐकला तरी जखडली जाते एखादीच. ते का, याचेही थोडे उत्तर आता मिळाले आहे. २०१९ साली सुमारे सतरा हजार रुग्णांच्या आनुवंशिक तपासणीत असे दिसले की या आजाराची मुळे मनाइतकीच चयापचयातही आहेत. वजनकाटा हे निमित्त होते असे मला म्हणावे लागते ते यामुळे.

दुसरा आक्षेप मोठा देशभक्तीचा असतो: जिथे लोकांना खायला मिळत नाही तिथे हे श्रीमंतांचे रोग कशाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ साली महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची मोजदाद केली. सुमारे एकपंचमांश स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश निघाल्या आणि त्याहून थोड्या अधिक स्थूल. या एकपंचमांशातली कोण दारिद्र्याने उपाशी, कोण सर्वांमागून उरलेसुरले जेवते म्हणून उपाशी आणि कोण आजाराने उपाशी, हे काट्यावरून कळत नाही. अंतःस्रावी ग्रंथींना शिधापत्रिका वाचता येत नाही. पोट कोणत्याही कारणाने रिकामे असो, लेप्टिन उतरतेच आणि हाडे पोखरतातच. माझी बहीण श्रीमंत नाही. आमच्या पट्ट्यात अशा मुली जीन्सच्या शिलाईकाम करणाऱ्यांच्या घरांत आहेत, कारखान्यांतल्या कामगारांच्या घरांत आहेत, आणि त्यांच्या आया त्यांना पाळीच्या गोळ्यांसाठी घेऊन फिरत आहेत.

शास्त्रालाही इथे गर्व करण्याजोगे फारसे नाही. १८७३-७४ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये लासेग यांनी या आजाराचे नीट वर्णन केले होते. पण १९१४ साली हॅम्बुर्गच्या सिमंड्स यांना एका झिजून मेलेल्या स्त्रीची पीयूषिका नष्ट झालेली आढळली, आणि तेव्हापासून झिजलेली मुलगी दिसली की ग्रंथीला दोष द्यायचा, असा पायंडा पडला. कित्येक वर्षे अशा मुलींना ग्रंथींचे अर्क टोचले गेले. ग्रंथी शाबूत होती. तिला फक्त अन्न मिळत नव्हते. चूक उमगली तेव्हा लंबक दुसऱ्या टोकाला गेला: सारा दोष मनाचा, आणि मनाचा म्हणजे अर्थातच आईचा. शंभर वर्षांनी उल्हासनगरात आम्ही या दोन्ही चुका एकाच महिन्यात करून दाखवल्या. दवाखान्याने ग्रंथीला दोष दिला आणि नातेवाइकांनी आईला.

मग उपचारात संप्रेरकांना जागाच नाही काय? आहे, पण ती पहिली नव्हे. २००४ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी अति व्यायामाने वा कमी वजनाने पाळी गेलेल्या काही स्त्रियांना लेप्टिन टोचून पाहिले. काहींचे चक्र पुन्हा सुरू झाले. खबर पोचली की मेंदू कामाला लागतो हे सिद्ध झाले. पण लेप्टिन भूकही मारते; म्हणून ते सरसकट औषध होऊ शकत नाही. २०११ साली तिथेच मधुस्मिता मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की त्वचेवर चिकटवायच्या पट्टीतून नैसर्गिक स्वरूपाचे इस्ट्रोजेन दिले तर या मुलींच्या हाडांची घनता सुधारते. नेहमीच्या गोळीने जे साधले नव्हते ते यात काही अंशी साधले. ज्यांची पाळी दीर्घकाळ गेलेली आहे त्यांच्या हाडांसाठी तज्ज्ञाने असे उपाय जरूर योजावेत. थायरॉइडची गोळी मात्र उपाशी शरीराने मंद केलेल्या चुलीत फुंकर घालण्यासारखी आहे. वजन आणखी उतरते. खाऊन ओकण्याच्या विकारात फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे उपयोगी पडतात. पण ॲनोरेक्सियावर अन्नाची जागा घेईल असे एकही औषध अद्याप निघालेले नाही.

आणि अन्न म्हणजे बळेच कोंबणे नव्हे. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर वाढले तर इन्सुलिन उसळते, रक्तातले फॉस्फरस खाली येते आणि हृदय बंद पडू शकते. महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांत हे दिसून आले. म्हणून आजींचे निदान खरे असले तरी उपाय रुग्णालयातच व्हायला हवा होता. तिथे दर दिवशी रक्त तपासून, हिशेबाने अन्न वाढवले गेले. घरी आल्यावरची पद्धत आईबापांच्या हाती दिली गेली. लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात १९८० नंतर रूढ झालेली ही रीत अशी की आईबापांना दोष द्यायचा नाही, त्यांना कामाला लावायचे. मुलीने काय व किती खायचे हे काही काळ तिने ठरवायचे नाही, आजारानेही ठरवायचे नाही. ताट आई वाढील आणि ते संपेपर्यंत कोणीतरी जवळ बसेल. रागवायचे नाही, विनवायचे नाही, उठून जायचे नाही. ऐकायला हे फार साधे वाटते. माझ्या बहिणीला एका भाकरीपाशी दोन दोन तास बसताना मी पाहिले आहे. मुलगी भांडी आपटते, आईला वाटेल ते बोलते, रडते, आणि आई म्हणते, “बाळ, हे तू नाही बोलत. तुझी भूक बोलते आहे. घास घे.” तिने शास्त्राचे एक पुस्तक वाचलेले नाही, पण तीस वर्षे धडा शिकवून जे मला कळले नाही ते तिला कळले आहे.

आज ती एकोणपन्नास किलोंची आहे. गोळ्या केव्हाच बंद झाल्या. गेल्या महिन्यात, गोळीविना, तिची पाळी आली. या वेळी मी देवापुढे साखर ठेवली नाही. कारण आजार संपलेला नाही, परवाच तिने पोळी रुमालात दडवली होती. पण शरीराने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली ती पहिली चिठ्ठी होती, एवढे मला कळते.

माझी मागणी फार मोठी नाही. पाळी थांबली म्हणून एखादी मुलगी दवाखान्यात आली तर तिला आडोशाने काट्यावर उभी करा, गेल्या वर्षी वजन किती होते ते विचारा, आणि काल काय खाल्ले ते विचारा. या तीन प्रश्नांना पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. उत्तर मिळाल्यावाचून पाळीची गोळी लिहू नका. आमच्या या तीन गावांतल्या रुग्णालयांतून स्त्रीरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसावे. शाळांनी वजनाचे आकडे पुकारणे बंद करावे. ‘लग्न झाले की सुरळीत होईल’ हे वाक्य तर वैद्यकाच्या भाषेतून हद्दपार व्हावे. उपाशी मुलीला नवरा हे पथ्य नव्हे. आणि ज्या आईला कुठे जावे ते सुचत नाही तिने १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक निदान फिरवावा. मनाच्या आजारांसाठी तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

वाचकांकडेही एक मागणे आहे, आणि ते या चार दिवसांतलेच आहे. फराळाला घरी येणाऱ्या मुलीला दारात पाहताच ‘बारीक झालीस’ म्हणू नका आणि ‘सुटलीस’ही म्हणू नका. अभ्यासाचे विचारा, मैत्रिणींचे विचारा, किंवा काहीच विचारू नका. ताट पुढे ठेवा आणि जवळ बसा. माझ्या तोंडून गेलेले एक वाक्य परत घ्यायला मला दीड वर्ष लागले, आणि ते अजून पुरते परत आलेले नाही.